दोन रात्री, तीन दिवस

प्रमोदनं पुण्यातून बुक केलं,
आमच्या लग्नाला पस्तीस झाली म्हणून.
फोटोत कारंजं होतं, पोहायचा तलाव,
गुलाबांच्या कमानीखाली पांढऱ्या खुर्च्या,
कुणीच न बसलेल्या.
गल्लीत सगळ्यांना दाखवला मी तो फोटो.
भाजीवाल्यालासुद्धा.

खानापूरहून जांबोटी रोडला वळलं की पाऊण तास.
गेटवर सिमेंटचा हत्ती,
सोंड तुटलेली, आतली सळी गंजून बाहेर आलेली.
तलावात पाणी नव्हतं. तळाशी एक चप्पल
आणि कुणाच्या तरी लग्नातल्या काळ्या पडलेल्या अक्षता.
मॅनेजर म्हणाला, "नाळे री, नाळे."
यांचं कन्नड फॅक्टरीतलं, माझं बाजारातलं,
पण तेवढा शब्द दोघांनाही पुरेपूर कळतो.
नाळे म्हणजे उद्या.
म्हणजे नाहीच.

कमानीच्या गुलाबाला मी हात लावून बघितला.
बोटाला धूळ आली.
एक पोरगा ओलं फडकं घेऊन
प्लास्टिकची पानं पुसत होता, एकेक, मन लावून.
"पाणी घालायचं काम न्हाई, अक्का," म्हणाला,
"आंघोळच घालायची."

रात्री करेंट गेला. जनरेटर होता, डिझेल नव्हतं.
घरून नेलेला कुंदा आमच्याआधी मुंग्यांना सापडला.
उशीला दुसऱ्याच कुणाच्या तेलाचा वास.
टॉवेलनं डास हाणत हे म्हणाले,
"पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच
भाडं भरून जागतोय बघ."

रेंज नेमकी तेवढ्यापुरतीच आली.
"कसं आहे, आई?"
"लई भारी रे. कारंजं बघत बसलोय."
अंधारात हे माझ्याकडे बघत होते का,
दिसलं नाही.

रविवारी सकाळीच निघालो.
खानापूर स्टँडजवळ पुरी-भाजी खाल्ली,
दोन दोन प्लेट, एक शब्द न बोलता.
वडगावात उतरलो आणि आठवलं,
गल्लीला सोमवार सांगितलाय.
आज दिसलो तर काय सांगायचं?
हत्तीचं?

मागच्या बोळातून शिरलो,
आपल्याच घरात, चोरासारखे.
खिडक्या बंद. टीव्ही बंद.
कुकरची शिट्टी नको म्हणून दडपे पोहे.
कुजबुजत बोलायचं.
सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपायच्या,
त्यानंतर इतकं हळू
बोललोच नव्हतो आम्ही.

पाच वाजता फाटक वाजलं. निंगव्वा.
झाडांना पाणी घाल म्हणून मीच सांगून गेलेले.
दाराच्या फटीला डोळे लावले,
वर यांचे, खाली माझे.
तिनं अबोलीला घातलं, तगरीला घातलं,
फुटक्या डब्यातल्या पुदिन्यालाही,
ज्याचं सांगायचं मी विसरले होते.
मग चार मोगरे तोडले. चांगले टपोरे.
मी यांना कोपर मारलं, "बघा, बघा."

ती पायरीवर बसली.
चपला काढल्या, ओल्या मातीत पाय ठेवले,
फुलं पदरात घेऊन डोळे मिटले.
एका खोलीत सात माणसं तिच्याकडे,
भिंतीला भिंत लावून यंत्रमाग,
रात्रपाळीलाही खडखडणारा.
तिचा मोबाईल वाजला. वाजू दिला.

यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं,
"भाडं मागायचं का?"
मी हात ठेवला त्यांच्या तोंडावर.
हसू आतल्या आत हलत होतं,
माझ्या तळव्याला कळत होतं.

दिवेलागण झाली.
ती उठेना.
आम्हीही दिवा लावला नाही.